मटामाला सांगितलेले

खणून काढलेली माती सर्वांना दिसते. ती तलावाच्या पाळीवर चढते, तिच्यावरून गुरे जातात, पुढे कोणी तिच्यावर बाभूळ लावतो. किती माती खणली, याचा पुरावा मात्र खड्ड्यात असतो, आणि खड्डा म्हणजे जागेवर नसलेली माती. नसलेली वस्तू मोजणे हा माझा व्यवसाय होता. तो मी चांगला केला, असे माझे मत आहे. ज्यांचे मत वेगळे होते त्यांच्यापैकी बहुतेकांची मापे मी तपासली आहेत.

मंदीच्या दिवसांत सरकारने काढलेल्या मदतकार्यांविषयी काही लिहा, असे आपल्या अंकाच्या संपादकांनी सुचवले. मदतकार्यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मी ग्रामीण बांधकामाचा अभियंता. मी एका तलावाविषयी लिहितो. गावाचे नाव देत नाही. ते रायपूरपासून फार दूर नाही आणि यात आलेली माणसे तिथेच राहतात. त्यांची नावेही मी बदलली आहेत.

प्रथम दोन शब्द समजून घ्यावे लागतील.

पहिला शब्द गोदी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा म्हणजे छत्तीसगढातील एक गोदी. मदतकार्यावरचे मजूर 'आज किती काम केले' असे विचारत नाहीत, 'गोदी भरली का' असे विचारतात. खणून रिकामी झालेली जागा 'भरली' कशी, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. इथे कोणालाही पडत नाही. गोदीचे काम जोडीने होते. एक जण कुदळीने खणतो आणि घमेले भरून देतो, दुसरा ते डोक्यावर घेऊन पाळीवर टाकून येतो. बहुधा नवरा खणतो आणि बायको वाहते.

दुसरा शब्द मटाम. खणताना गोदीच्या मध्यभागी मातीचा एक उभा ठोकळा न खणता सोडायचा आणि त्याच्या माथ्यावरचे गवत तसेच राहू द्यायचे. मूळ जमीन कोणत्या उंचीवर होती, हे तो ठोकळा दाखवतो. तलाव थराथराने खोल जातो, तसा मटाम आपल्या जागी उभा राहून उंच होत जातो. वास्तविक तो वाढत नाही. भोवतालची जमीन खाली जाते. माथ्यापासून तळापर्यंत टेप सोडली की खोली कळते. काम संपले की शेवटचे माप होते, आणि त्यानंतरच मटाम तोडतात. एकदा तोडला की मग कोणाचेही काही सिद्ध होत नाही.

जिथे साक्षीदार असतो तिथे खोटी साक्षही असते. एका गावात मी मटाम मोजायला उकिडवा बसलो असता सरपंच स्वतः माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. कार्यकारी अभियंत्यांवरही कोणी छत्री धरल्याचे मी पाहिले नव्हते. मी गवताची एक काडी ओढली. माथ्यावरचे संपूर्ण गवत टोपीसारखे उचलून हातात आले. खाली कालवलेल्या मातीचा वीतभर थर होता. आदल्या दिवशी दुसरीकडून गवताचा पापुद्रा कापून आणून तो मटामाच्या डोक्यावर बसवला होता. सरपंच म्हणाले, "साहब, घास तो घास है." मी म्हणालो, "हव, आणि टोपी ती टोपी." तेव्हापासून आमच्या खात्यात या लबाडीला टोपी म्हणतात. शासनाच्या कोशात हा शब्द नाही. तो माझा आहे.

आता त्या वर्षाकडे येतो.

माझ्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष होते. साथीमुळे देशभर टाळेबंदी लागली आणि रायपूरच्या उत्तरेचे कारखाने एकामागून एक थंड पडले. लोखंडाच्या सळया ओढणाऱ्या रोलिंग मिलची भट्टी विझली की ती पुन्हा पेटवणे खर्चाचे असते, म्हणून मालक ती शक्यतो विझू देत नाहीत. त्या वर्षी विझू दिली. मागणीच नव्हती. कामगार आपापल्या गावी परतले. नागपूर, पुणे, हैदराबाद येथे गेलेले मजूरही परतले. ज्या गावात एरवी उन्हाळ्यात म्हातारे आणि कुत्री तेवढी राहत, तिथे पारावर बसायला जागा उरली नाही. सरकारने मातीकामे काढली.

चौबे कॉलोनीतील माझे शेजारी निवृत्त बँक अधिकारी आहेत. ते गच्चीवरून मला म्हणत, "साहेब, खड्डे खणायचे आणि पैसे वाटायचे. देश असा चालतो काय?" तलाव हा खड्डाच असतो. पाणी भरले की लोक त्याला तलाव म्हणतात. शिवाय ज्या माणसाची भाजी आणि औषधे दाराशी येत होती, त्याच्याशी रोजगारावर चर्चा करण्यात अर्थ नव्हता.

माझी पत्नी अधिक थेट बोलते. आम्ही मूळचे वर्धेकडचे. पस्तीस वर्षे रायपुरात काढूनही तिची बोली बदलली नाही. मी सकाळी गाडीत बसू लागलो की ती दारातून म्हणे, "साठीला टेकले तुम्ही. जवान पोट्टे घरात दडून राहिले, अन् तुम्ही काहून उन्हात जाऊन राहिले?"

"माप कोण घेईल?"

"माती कुठी पळून जाते काय? पुढल्या महिन्यात घ्या."

माती पळून जात नाही. पण माप झाल्याशिवाय मजुरी निघत नाही आणि पोट पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही. हे तिलाही माहीत होते. ती डबा आधीच गाडीत ठेवून आलेली असे.

त्या वर्षी वरून एक नवा आदेश आला होता. संसर्ग टाळण्यासाठी एका गोदीत एकाच घरातील माणसे काम करतील; दोन घरांची जोडी जुळवायची नाही. आदेशात तर्कदोष नव्हता. ज्याने तो लिहिला त्याने संसर्गाचा विचार केला होता. घर म्हणजे काय, याचा केला नव्हता.

कामाच्या पहिल्या दिवशी मी त्या गावी पोहोचलो तेव्हा जुन्या तलावाच्या कोरड्या तळात चुन्याने गोद्या आखून झाल्या होत्या. गावचा मेट संतराम हजेरी घेत होता. मेट म्हणजे मजुरांवर देखरेख करणारा गावातलाच माणूस. संतराम पन्नाशीचा, हुशार, आणि गावातल्या प्रत्येकाला टोपणनावाने हाक मारणारा. मला पाहून तो बाजूला आला.

"साहेब, सब के जोड़ी बन गे हे. दू झन बांचे हें."

दोघे उरले आहेत, हे ऐकून मला अडचण दिसेना. "एकाच घरचे आहेत का?"

"हव, एकेच घर के."

"मग त्यांची जोडी करा."

संतरामने डोक्यावरचा पंचा काढला, झटकला आणि पुन्हा बांधला. "उही मन के तो नइ बन सकय, साहेब. ओ ओखर कुरा ससुर आय."

त्या दोघांचीच जोडी होऊ शकत नव्हती, कारण तो तिचा कुरा ससुर होता. कुरा ससुर म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या वर्धेकडे त्यांना भासरे म्हणतात. छत्तीसगढच्या खेड्यांत धाकट्या भावाच्या बायकोने कुरा ससुराला स्पर्श करायचा नाही, त्याच्या हातातून वस्तू घ्यायची नाही, त्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्यासमोर तोंड उघडे ठेवायचे नाही. तो ज्या खाटेवर बसला असेल तिला तिचा पदरही लागता कामा नये. हा नियम कोणी कोणावर लादत नाही. तो पाळला जातो, एवढेच. आणि तो पुरुषावरही तितकाच बंधनकारक असतो. दारात खाकरल्याशिवाय त्याला स्वतःच्या घरात शिरता येत नाही.

उरलेल्या दोघांपैकी एक होता दुकालू. दुष्काळात, म्हणजे दुकालात, जन्मला म्हणून दुकालू. वय पन्नासच्या आसपास, विधुर, रोलिंग मिलमध्ये उमेदीची सर्व वर्षे काढलेला. दुसरी होती त्याच्या धाकट्या भावाची बायको केंवरा. भाऊ परगावाहून मालमोटारीतून परत आला, उतरताना पडला आणि मांडीचे हाड मोडून घरात खाटेवर होता. म्हणजे खणणारा एक होता आणि वाहणारी एक होती. गावातील प्रत्येक पुरुषाबरोबर दुकालूची जोडी चालली असती, प्रत्येक बाईबरोबर केंवराची चालली असती. आदेशामुळे ती बंद झाली होती, आणि आदेशाने मोकळी ठेवलेली एकमेव जोडी गावाला चालत नव्हती.

संतरामने तोडगा सुचवला. केंवराने पुढच्या वर्षी यावे. ती दहा पावलांवर पदर ओढून उभी होती. माझ्याकडे पाठ करून, पण मला ऐकू येईल असे ती म्हणाली, "मोर घर के आदमी खटिया म परे हे. अवइया साल ल धर के का करहूं?" येणाऱ्या वर्षाला घेऊन मी काय करू, हा प्रश्न बरोबर होता. तिच्या नवऱ्याचा पाय त्याच उन्हाळ्यात मोडला होता, आणि घरात खाणारी तोंडे त्याच उन्हाळ्यात होती.

मी जनपद कार्यालयात, म्हणजे आपल्याकडच्या पंचायत समितीत, गेलो. कार्यक्रम अधिकारी तिर्की मॅडम जशपूरकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. प्रामाणिक आणि कडक. मला कडक माणसे आवडतात, परंतु ती आपल्या बाजूला असलेली बरी. मी जोडी बदलण्याची परवानगी मागितली.

"सर, आदेश में साफ लिखा है. एक जोड़ी मैं बदलूँगी, कल को बीस लोग लाइन में खड़े होंगे कि मेरी घरवाली से नहीं पटती, मुझे भी बदल दो."

"त्यांचे पटते. अडचण तीच आहे," मी म्हणालो. त्या हसल्या. परवानगी दिली नाही. त्यांच्या जागी मीही दिली नसती.

त्या संध्याकाळी पत्नीने विचारले, "काहून डोक्स धरून बसले?" मी सांगितले. तिला कुरा ससुर समजावून द्यावा लागला नाही.

"तुमचे मोठे भाऊ घरी येत तवा मी काय करत होती? पाह्यलं नाही कधी?"

"नाही."

"तुम्हाले खड्डे दिसतात फक्त. चहाचा कप उंबरठ्यावर ठेवाचा अन् मांगं सराचं. मंग थे उचलत. पंधरा वर्सं चहा पेले माह्या हातचा. हाताले हात लागला नाही कधी."

दुसऱ्या दिवशी मी संतरामला दुकालूच्या गोदीत मटाम नेहमीपेक्षा रुंद सोडायला सांगितला. एका बाजूने दुकालू घमेले भरेल, मटामावर ठेवेल आणि मागे सरेल. दुसऱ्या बाजूने केंवरा येईल, उचलेल आणि जाईल. हाताला हात लागणार नाही, वस्तू हातातून हातात जाणार नाही. मटामाच्या अर्ध्या माथ्यावर घमेले टेकेल. उरलेल्या अर्ध्यावरच्या गवताला कोणी हात लावायचा नाही. आदेशाप्रमाणे गोदीत एकाच घरची माणसे. संतरामने ऐकून घेतले, वडाखाली बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून आला आणि म्हणाला, "चल जही." चालेल.

पहिले दिवस कठीण गेले. मटाम अजून फूटभर उंच होता. केंवराला खाली बसून घमेले डोक्यावर घ्यावे लागे आणि गुडघ्यावर हात टेकून उठावे लागे. नवराबायकोच्या जोडीत खणणारा घमेले डोक्यावर चढवून देतो. तिला देणारे कोणी नव्हते. इकडे दुकालूला खणता येत नव्हते. लालभडक सळई रुळांमधून बाहेर येताच ती चिमट्याने धरून उलट फिरवायची, हे त्याचे काम. चुकले तर पाय जातो. त्या कामात तो वाकबगार होता. कुदळ त्याच्या हातात उपरी वाटे.

"मैं तो लाल लोहा पकड़ने वाला आदमी हूँ, साहब," तो मला म्हणाला. "ये माटी ठंडी है. पकड़ में नहीं आती."

माझ्या खात्याविषयी मला एक खंत आहे, ती इथेच नोंदवतो. त्या उन्हाळ्यात कामावर आलेल्यांत शिंपी होते, फिटर होते, हॉटेलातला एक स्वयंपाकी होता. आम्ही सगळ्यांच्या हातात कुदळ दिली. तुला काय येते, असे विचारण्याची पद्धतच आमच्याकडे नव्हती, आणि विचारून उत्तर मिळाले असते तरी द्यायला दुसरे काम नव्हते. सर्व रोगांवर आमच्याजवळ एकच औषध होते, माती. ते निरुपयोगी नव्हते, एकच होते.

तिसऱ्या की चौथ्या थराला मी माप घ्यायला गेलो असता त्या गोदीतून आवाज ऐकू आला. केंवरा मटामाच्या एका बाजूला उभी होती. तोंड पदराने झाकलेले, कमरेवर हात. ती मटामाशी बोलत होती.

"मटाम, कहि दे ओला. घमेला ल अतेक झन भरय. मोर मुड़ आय, टरक नो हय."

त्यांना सांग, घमेले इतके भरू नये; माझे डोके आहे, ट्रक नाही. पलीकडे दुकालू तिच्याकडे पाठ करून उभा होता. त्यानेही मटामालाच उत्तर दिले. "मटाम, बता दे. आधा भरहूं त सांझ के गोदी घलो आधा रइही." अर्धे भरले तर संध्याकाळी गोदीही अर्धीच राहील.

"मटाम, कहि दे, पूरा गोदी बर पूरा मुड़ घलो लागथे."

शेजारच्या गोदीतून एक बाई ओरडली, "ए मटाम, तोर संग तो दू-दू झन गोठियाथें. हमरो संग गोठिया ले." आमच्याशीही बोल, म्हणे. बायका हसल्या. दुकालूने घमेल्यातली दोन फावडी माती काढून टाकली. मटामाच्या मध्यस्थीने तंटा मिटला होता.

पुढे त्यांचा सर्व व्यवहार असाच चालला. भावाच्या पायाचे प्लास्टर, घरी तांदूळ आहे की नाही, पाण्याच्या घागरीची पाळी कोणाची, सर्व काही मटामाला सांगितले जाई. एका घरात राहून त्यांचे जे बोलणे वर्षानुवर्षे झाले नव्हते, ते त्या खड्ड्यात झाले असावे. मटाम कमरेएवढा झाला, तशी केंवराची बसण्या-उठण्याची मेहनत संपली. घमेले आयते डोक्याच्या जवळ येऊ लागले. पाळ मात्र लांब आणि उंच होत गेली. मातीकामात एका बाजूचा लाभ दुसऱ्या बाजूने वसूल होतो.

याच सुमारास दुसऱ्या एका गावात टोपी पकडली गेली. बातमी वर पोहोचली आणि तिर्की मॅडमना सर्व कामांचे मटाम स्वतः तपासण्याचा हुकूम झाला. त्या आमच्या तलावावर आल्या तेव्हा मी बरोबर होतो. त्या सर्व गोद्या ओलांडत दुकालूच्या गोदीपाशी थांबल्या. मटामाच्या संपूर्ण माथ्यावर सैल, ताजी माती पडली होती. गवताचा पत्ता नव्हता. इतके दिवस भरलेली घमेली त्यावर टेकवली जात होती. अर्धा भाग मोकळा ठेवण्याची माझी सूचना पाळली गेली होती, पण माती सूचना पाळत नाही.

"सर, यही तो टोपी है," मॅडम म्हणाल्या. "बल्कि इन्होंने तो घास लगाने की भी मेहनत नहीं की."

संतराम एकदम बोलू लागला. कुरा ससुर, घमेले, पाठ, पदर. मॅडमनी त्याला हाताने थांबवले. "मैं कहानी नहीं, ऊँचाई देखूँगी. ऊपर भराव है तो गोदी रद्द होगी, और दोनों का नाम कटेगा."

केंवरा पाळीवरून रिकामे घमेले घेऊन उतरत होती, ती तिथेच थबकली. नाव कटणे म्हणजे काम जाणे. आणि लबाड म्हणून कटणे म्हणजे त्या गावात पुन्हा कोणी जोडीला न घेणे. दुकालू मटामाच्या पलीकडे मान खाली घालून उभा राहिला. त्याला काही सांगायचे असते तरी कोणाला सांगणार होता? ज्याला सांगत आला होता त्याच्यावरच आरोप होता.

मॅडमचे चुकत नव्हते. सांगणे हा पुरावा होत नाही. मी माझी खुरपी मागवली. ती गाडीत असतेच. ज्या अर्ध्या भागावर घमेले कधीच ठेवले नव्हते, त्या भागावरची सैल माती मी बोट-बोट खरवडत गेलो. तिची जाडी फारशी नव्हती. खाली गवत लागले. उन्हाविना पिवळे पडलेले, आडवे झालेले, पण होते. मी बाजूला सरलो.

"ओढून पाहा," मी म्हणालो.

मॅडम उकिडव्या बसल्या. त्यांनी गवताचा झुपका मुठीत धरून ओढला. तो आला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. तुटून पाती हातात आली, मुळे जमिनीत राहिली. उसनी टोपी उचलली जाते. अंगचे केस उपटावे लागतात.

त्यांनी हात झटकले, गवताच्या पातळीपासून माप घेतले आणि खोली बरोबर असल्याचे सांगितले. मग संतरामला म्हणाल्या, "अब सुनाओ कहानी." त्याने सांगितली, दुप्पट लांबवून. ऐकताना त्यांनी केंवराकडे आणि दुकालूकडे आळीपाळीने पाहिले. जाताना एवढेच म्हणाल्या, "सर, मटाम पे बोरा बिछवा दीजिए." दुसऱ्या दिवसापासून मटामावर पोते अंथरले गेले. ही सूचना मला सुचायला हवी होती.

पावसाळा जवळ आला तशी बाजारात थोडी हालचाल झाली. घरबांधणी सुरू झाली, सळयांना मागणी आली आणि काही मिलांनी भट्ट्या पेटवल्या. तलावाचे काम उरकत आले होते. अंतिम मापाच्या दिवशी तिर्की मॅडम आणि मी सकाळीच तळात उतरलो. एका टोकाकडून मोजत निघालो. ज्या गोदीचे माप होई, तिथला मटाम लगेच तोडून त्याची माती पाळीवर जाई. केंवराचा नवरा त्या दिवशी कुबडी घेऊन पाळीपर्यंत आला होता आणि जांभळाखाली बसून पाहत होता.

आम्ही अर्ध्यावर असताना पाळीमागे गाडीचा भोंगा वाजला. मिलच्या कंत्राटदाराने जुन्या माणसांना न्यायला गाडी पाठवली होती. ड्रायव्हर वरून ओरडला, "दुकालू, आना है तो अभी आ. नहीं तो तेरी जगह दूसरा चढ़ेगा."

दुकालूने वर पाहिले, मग मटामाकडे पाहिले. त्याचे काय चालले होते हे मला लांबूनही कळले. आपण गेल्यावर ही बाई एवढा उंच ठोकळा एकटी कसा तोडणार? गोदी अर्धवट टाकून जायची नाही. कारखान्यातला माणूस पाळी संपण्यापूर्वी आपले यंत्र पुसून ठेवतो. त्याने पोते काढून बाजूला भिरकावले आणि कुदळ उचलली. आमची टेप त्याच्या गोदीपासून अजून चार गोद्या दूर होती, हे त्याच्या ध्यानात नव्हते. ती कुदळ पडली असती तर सबंध उन्हाळ्याच्या कामाला साक्षीदार उरला नसता.

मी हाक मारणार, तोच पलीकडून आवाज आला.

"रुकव. झन काटव. पहिली साहेब ल नापन दव."

थांबा. तोडू नका. आधी साहेबांना मोजू द्या. केंवरा पाळीवरून धावत आली होती. पदर खांद्यावर आला होता आणि ती दुकालूकडे पाहत होती. कुदळ वरच्या वर थांबली.

तलावाच्या तळात कोणी हलले नाही. शेजारच्या गोद्यांतल्या बायकांनी घमेली खाली ठेवली. जांभळाखाली तिचा नवरा कुबडीवर उठून उभा राहिला. केंवराने पदर ओढला, पण बोललेला शब्द पदराखाली घेता येत नाही. दुकालूने कुदळ सावकाश खाली आणली आणि जमिनीवर आडवी ठेवली. गाडीचा भोंगा पुन्हा वाजला.

तिर्की मॅडमना त्या शांततेचा अर्थ कळला नसेल असे नाही. त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "किससे बोली वो?"

संतरामने घसा साफ केला. "मटाम ल कहिस हे, मैडम." मटामाला म्हणाली, असे.

"हव," शेजारच्या गोदीतली बाई म्हणाली. "मटामेच ल कहिस हे. मैं सुनेंव." मागून आणखी दोघीतिघींनी 'हव' म्हटले. वरून, जांभळाखालून, केंवराचा नवराही म्हणाला, "हव, मटाम ल."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, आपने क्या सुना?"

मातीच्या ठोकळ्याला कोणी 'रुकव' म्हणत नाही. 'रुक' म्हणतात. सबंध उन्हाळा ती मटामाला 'कहि दे' म्हणत आली होती. 'कहि दव' एकदाही म्हणाली नव्हती. आदराचे रूप माणसासाठी असते, आणि थोरल्या माणसासाठीच असते. एवढी छत्तीसगढी मला येते. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती माझ्यापेक्षा चांगली येत होती.

"मैंने सुना कि पहले नाप होगा," मी म्हणालो, आणि चार गोद्या सोडून सरळ त्या मटामापाशी जाऊन टेपचे एक टोक मॅडमच्या हातात दिले.